कणकेचे वॉफल मऊ पडतात, जांभळाचं सिरप आळतं – मदत हवी आहे

दळणकांडण

मैदा अजिबात न घालता नाश्त्याला वॉफल करायचे आहेत आणि वर ओतायला घरचं जांभळाचं सिरप. दोन्हींत काहीतरी बिनसतंय. कृती एका अमेरिकन साइटवरची आहे. प्रमाण असं: गिरणीतली कणीक २ कप (न चाळता), बेकिंग पावडर १ टेबलस्पून, साखर पाव कप, मीठ अर्धा टीस्पून, अंडी २, दूध दीड कप, तेल २ टेबलस्पून. मशीन ७५० वॅटचं, सँडविच टोस्टरसारखं, प्लेटा बदलता येणारं. हिरवा दिवा लागला की पीठ घालते, ४ मिनिटांनी उघडते.

काढताना वॉफल वरून कडक वाटतो, पण ताटलीत ठेवला की लगेच मऊ आणि वातड. आतून गिच्च. खाचांत चिकटतो, कधी उघडताना मधून फाटून अर्धा वरच्या प्लेटला, अर्धा खालच्या.

सिरपसाठी जांभळं अर्धा किलो, साखर पाव किलो, एका लिंबाचा रस. एकतारी येईपर्यंत उकळलं. गरम असताना छान ओघळतं, गार झालं की बाटली उलटी केली तरी हलत नाही.

मुलांची बस साडेसातला, त्यामुळे सकाळी अर्ध्या तासात उरकायला हवं. सासूबाई अंडं खात नाहीत, बिनअंड्याचं प्रमाणही मिळालं तर बरं.

तव्यावरचं_घावन

मूळ घोळ पिठाचा आहे. त्या कृतीतलं होल व्हीट पीठ बहुधा रोलर मिलचं, म्हणजे धातूच्या रुळांमधून दळलेलं. आपली कणीक दगडी जात्यात दळली जाते. त्या घर्षणात स्टार्चचे कण जास्त फुटतात आणि फुटलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो. पोळीला हे हवंच असतं, मऊपणा त्यातूनच येतो. वॉफलला मात्र पाणी वाफ होऊन निघून जायला हवं, तरच कुरकुरीतपणा येतो. त्यात कपाची भानगड. तिकडच्या कृतीत एक कप म्हणजे साधारण १२० ग्रॅम धरतात. डब्यात कप खुपसून भरला तर १४०-१५० ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे दोन कपांत पीठ सुरुवातीलाच ४०-६० ग्रॅम जास्त, आणि दूध तेवढंच. वजनकाटा वापरा, कप बाजूला ठेवा.

दुसरं, २ टेबलस्पून तेल म्हणजे मोहन नावालाच. एवढ्या पिठाला ७०-७५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ लागतो. आकडा बघून दचकू नका, ८ वॉफलांत वाटला जातो. तो कमी केला की धिरडं होतं, वॉफल होत नाही.

तिसरं, पाव कप साखर. पीठात साखर जास्त असली की वरून लवकर लाल होतं, आपल्याला वाटतं झालं, आणि आत कच्चं राहतं. शिवाय वितळलेली साखर खाचांना चिकटते. गोडवा सिरपवर सोडा.

माझं प्रमाण, साधारण ८ लहान वॉफलांसाठी:

कणीक १५० ग्रॅम
ज्वारीचं पीठ ५० ग्रॅम
कॉर्नफ्लोअर २५ ग्रॅम
बेकिंग पावडर २ टीस्पून, खायचा सोडा पाव टीस्पून
मीठ अर्धा टीस्पून, साखर १ टेबलस्पून
दही २०० ग्रॅम आणि पाणी १८० मिली, घुसळून (हेच ताक)
अंडी २, पिवळं-पांढरं वेगळं
पातळ केलेलं तूप किंवा तेल ७५ ग्रॅम

पिठं, मीठ, साखर आणि ताक एकत्र करून किमान २० मिनिटं ठेवा. कोंडा पाणी सावकाश पितो. लगेच भाजलं तर तो भाजताना आतलं पाणी ओढत बसतो आणि घासाला भरभरीत लागतो. बेकिंग पावडर आणि सोडा मात्र आत्ता घालायचा नाही, नाहीतर भिजण्याच्या वेळात निम्मा वायू उडून जातो. भिजल्यावर पिवळं आणि तूप घाला, मग सोडा-पावडर चाळून, शेवटी पांढरं फेटून हलक्या हाताने मिसळा. पांढऱ्याचे पांढरे ठिपके दिसत राहिले तरी चालतील. गुळगुळीत करायच्या नादात फेस मोडतो आणि ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) ताणलं जाऊन वातडपणा येतो.

पीठ पळीवाढं हवं, पळीतून सलग पडणारं. घट्ट वाटलं तर आणखी २०-३० मिली पाणी घाला. प्रत्येक गिरणीची कणीक वेगळी, त्यामुळे इथे डोळ्यांवर विश्वास ठेवा.

रविवारचा_नाश्ता

वरच्याला अनुमोदन, फक्त तुपाबद्दल एक पुस्ती. दही आणि अंडी फ्रिजमधून थेट काढलेली असतील तर तूप पिठात पडताच थिजून कणी धरतं आणि वॉफलमध्ये तेलकट डाग पडतात. तासभर आधी बाहेर काढा, नाहीतर सरळ तेल वापरा. कुरकुरीतपणात तेल कुठेही कमी पडत नाही. लोणी मात्र तेवढ्याच वजनाचं घेऊ नका, त्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असतं.

आता मशीन. हिरवा दिवा म्हणजे थर्मोस्टॅटपाशी तापमान पोचलं एवढंच. प्लेट सगळीकडून तापायला त्यानंतर आणखी ३-४ मिनिटं द्या. ७५० वॅटच्या मशीनला ४ मिनिटं पुरत नाहीत, या पिठाला ६ धरा. घड्याळापेक्षा वाफ बघा: कडेने येणारी वाफ जवळजवळ थांबली की झालं. वाफ जोरात येत असताना उघडलंत तर फाटणारच, कारण आतला गर अजून शिजलेला नाही आणि दोन्ही बाजू प्लेटांना धरून बसलेल्या असतात. झाकण अलगद उचलून बघा, अडलं तर ओढू नका, एक मिनिट थांबा. दोन घाण्यांच्या मधे मिनिट-दीड मिनिट मशीन रिकामं तापू द्या.

प्लेटांना ब्रशने तेलाचं पातळ बोट. डब्यातला स्प्रे नको. बऱ्याच स्प्रेंत लेसिथिन असतं, ते तापून चिकट पिवळसर थर धरतं आणि मग नॉनस्टिकसुद्धा चिकटायला लागतं. थर आधीच बसला असेल तर कोमट प्लेटवर ओलं फडकं ५ मिनिटं ठेवून पुसा. घासणी नको, सुरी तर नकोच.

ताटलीत मऊ पडतो कारण खालच्या बाजूची वाफ तिथेच पाणी होते. जाळीवर ठेवा. जाळी नसेल तर पापड भाजायची जाळी वाटीवर आडवी ठेवून भागतं. एकावर एक रचू नका. सगळे एकदम वाढायचे असतील तर ओव्हन १०० अंशांवर, आत जाळीवर, १५ मिनिटांपर्यंत टिकतात.

एडिसनकर

अमेरिकेतून वाचणाऱ्यांसाठी: इथल्या भारतीय दुकानातले काही आटे ड्युरम गव्हाचे असतात, ते याहून जास्त पाणी पितात. वॉफलला होल व्हीट पेस्ट्री पीठ किंवा व्हाइट होल व्हीट घ्या आणि वरच्या प्रमाणातलं पाणी ४०-५० मिलीने कमी करा. कॉर्नफ्लोअरच्या जागी इथे कॉर्नस्टार्च घ्यायचा. कॉर्नफ्लोअर लिहिलेल्या पुडीत मक्याचं बारीक पीठ निघू शकतं.

ओटीभर_जांभळं

सिरपचं बघू. जांभळात पेक्टिन (फळातला आळवणारा घटक) बऱ्यापैकी असतं, त्यातून थोडी कच्चट फळं आली तर आणखी. पेक्टिन, आंबटपणा आणि भरपूर साखर एकत्र आटवलं की जेली होणारच. तुम्ही एकतारीपर्यंत नेलंत, तो जॅम-जेलीचा टप्पा आहे. सिरप त्याच्या बरंच आधी उतरवायचं असतं, भांड्यात अजून पातळ दिसत असताना.

जांभळं ५०० ग्रॅम, पाणी १५० मिली, स्टीलच्या जाड बुडाच्या भांड्यात झाकून १० मिनिटं शिजवा. गार झाल्यावर हातानेच कुस्करून चाळणीतून गाळा. मिक्सर लावू नका, बिया फुटल्या की तुरटपणा उतरतो. चाळणीवरचा चोथा फार दाबायचा नाही, गर जितका जास्त उतरेल तितकं पेक्टिन जास्त. ४०० मिलीच्या आसपास रस निघायला हवा, कमी भरला तर पाणी घालून ४०० करा. त्यात साखर २०० ग्रॅम, चिमूटभर मीठ (तुरटपणा दबतो), लिंबाचा रस १ टीस्पून. एका लिंबाचा नको. मध्यम आचेवर फेस काढत उकळा आणि साधारण ३५० मिली उरलं की बंद. सुरुवातीलाच भांड्यात ३५० मिली पाणी ओतून लाकडी चमचा उभा धरा आणि पातळीवर खूण करून ठेवा, अंदाज चुकत नाही.

थर्मामीटर असेल तर पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या २ अंश वर थांबा. जॅम ४ ते ५ अंश वर होतो. पाण्याचं तापमान आपल्या गावचं मोजून घ्या. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे १०२ चा आकडा डोळे झाकून धरला तर तिथे जॅमच होईल. मुंबईत तोच आकडा बरोबर.

तुमची आत्ताची बाटली फेकू नका. बाटली गरम पाण्यात उभी करून सैल करा, भांड्यात काढून ६० मिली उकळतं पाणी घाला, मंद आचेवर गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा. परत उकळत बसायचं नाही.

ॲल्युमिनियम किंवा लोखंडाच्या भांड्यात हे करू नये. आंबट रसाची धातूशी क्रिया होते, रंग काळपट पडतो आणि जिभेला धातूची चव लागते.

एवढ्या साखरेवर सिरप बाहेर टिकणार नाही. बाहेर ठेवायच्या सरबताला साखर ६५ टक्क्यांच्या पुढे लागते, हे ५५ च्या आसपास भरतं. उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेल्या बाटलीत गरम भरा, फ्रिजमध्ये दोन आठवडे. जास्त हवं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, लागतील तेवढे तुकडे काढून कोमट करा.

दळणकांडण

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुठेच मिळालं नव्हतं. तीन शंका. स्ट्रॉबेरी आणि आंब्यालाही हेच प्रमाण का? साखरेऐवजी गूळ? आणि थोडं सिरप पिठातच घातलं तर वॉफल जांभळे होतील का?

ओटीभर_जांभळं

शेवटच्याचं आधी: होतील, पण राखाडी-निळसर. जांभळाचा रंग आंबटात लाल-जांभळा आणि सोड्यात निळा-हिरवट होतो. शिवाय साखर वाढून चिकटणं आलंच.

स्ट्रॉबेरीला पाणी १०० मिली पुरे आणि लिंबू १ टेबलस्पून, कारण तिच्यात पेक्टिन कमी आणि महाबळेश्वरची पूर्ण पिकलेली असली तर आंबटपणाही कमी. आळण्याची भीती जवळजवळ नाही. चौथाई फळं बाजूला ठेवून, बाकीच्यांचा रस गाळून झाल्यावर तुकडे करून शेवटची ३ मिनिटं रसात सोडली तर खाताना छान लागतात. आंबा उकळू नका, हापूसचा वास उडतो. पाणी १०० मिली आणि साखर ८० ग्रॅम यांचा पाक उकळून, गॅस बंद करून त्यात २५० ग्रॅम गाळलेला रस आणि लिंबू घाला. ४-५ दिवसांत संपवा. कोकणात मे महिन्यात करवंदं मिळाली तर तीही घ्या. चीक जाईपर्यंत धुऊन, बिया गाळून, साखर जांभळापेक्षा ५० ग्रॅम जास्त.

गूळ चालतो, पण जांभळाचा रंग मातकट होतो आणि चव गुळाचीच येते. घालायचाच तर निम्मा गूळ, निम्मी साखर, आणि गूळ आधी पाण्यात विरघळवून गाळून.

तव्यावरचं_घावन

बिनअंड्याचं: तेच प्रमाण, अंड्यांऐवजी जवसाची पूड १ टेबलस्पून ३ टेबलस्पून कोमट पाण्यात १० मिनिटं भिजवून, शिवाय ताक ६० मिली जास्त, बेकिंग पावडर अर्धा टीस्पून जास्त, कॉर्नफ्लोअर ३५ ग्रॅम. पाव टीस्पूनच्या वर सोडा वाढवू नका, साबणासारखी चव येते. हे वॉफल नाजूक असतात, दीड-दोन मिनिटं जास्त ठेवा. आधी सासूबाईंचे काढा, मग अंड्याचं पीठ, म्हणजे प्लेट पुसत बसायला नको.

ज्वारी नसेल तर नाचणी ४० ग्रॅमपर्यंत चालते, त्यापुढे वॉफल ठिसूळ आणि जड होतो. बाजरी फक्त ताज्या दळणाची, पीठ जुनं झालं की कडवटपणा गोड पदार्थात लगेच कळतो.

रविवारचा_नाश्ता

सकाळच्या वेळेचं: रात्री पिठं, मीठ, साखर आणि ताक कालवून फ्रिजमध्ये ठेवा. कोंडा मस्त भिजतो. सकाळी उठल्याबरोबर बाहेर काढा, मशीन लावा, बाकीचं मिसळा. पीठ गार असेल म्हणून या दिवशी तूप नको, तेलच. रात्रभर यीस्ट घालून फुगवण्याच्या बेल्जियन पद्धतीच्या कृती दिसतील, पण त्या थंड स्वयंपाकघरांच्या आहेत. आपल्याकडे मे महिन्यात ओट्यावर ठेवलंत तर पहाटेपर्यंत पीठ आंबून ओट्यावर आलेलं असेल. करायचंच तर पाव टीस्पून इन्स्टंट यीस्ट, तासभर बाहेर, मग फ्रिज.

दळणकांडण

बसच्या दिवशी तेही जमणार नाही असं वाटतंय. ६ मिनिटांप्रमाणे ८ वॉफल म्हणजे एका वेळी दोन धरले तरी अर्धा तास.

रविवारचा_नाश्ता

मग रविवारी दुप्पट करा. पूर्ण गार झाल्यावर जाळीवरच तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, कडक झाले की पिशवीत, मधे बटर पेपर. महिनाभर चांगले राहतात. सकाळी न वितळवता सरळ टोस्टरमध्ये मध्यम आचेवर दोनदा, किंवा मंद तव्यावर झाकण न ठेवता दोन्ही बाजूंनी ३-३ मिनिटं. मायक्रोवेव्ह नको, परत वातड होतील. डब्यात द्यायचे तर गार करून भरा आणि सिरप वेगळ्या घट्ट झाकणाच्या डबीत.