१८०४ च्या डॉलरवर दुसऱ्याच नाण्याच्या खुणा

नवसंग्राहक

सप्रेम नमस्कार. मी बर्मिंगहॅमला राहतो आणि तिसऱ्या जॉर्जच्या काळातली चांदीची नाणी दोन वर्षांपासून जमवतो आहे. गेल्या महिन्यात बँक ऑफ इंग्लंडचा १८०४ सालचा, पाच शिलिंगांचा डॉलर घेतला. घरी भिंगाखाली धरल्यावर राजाच्या मस्तकामागे, कडेजवळ, परक्या अक्षरांच्या पुसट रेषा दिसल्या. मागे, ब्रिटानियाच्या (ब्रिटनचे प्रतीक असलेल्या स्त्रीमूर्तीच्या) बाजूला तर एक अर्धवट अंक आहे. वजन २६.९ ग्रॅम भरले. हे नाणे खोटे असेल का? ते बरेच काळवंडलेही आहे. स्वच्छ करावे का?

रौप्यमुद्रा

ज्या खुणांमुळे आपण शंकेत पडलात, त्यांच्यासाठीच जाणकार हे नाणे शोधत असतात. फ्रान्सशी चाललेल्या युद्धात इंग्लंडमध्ये चांदीच्या चलनाची इतकी चणचण झाली, की १७९७ मध्ये आठ रिआलच्या स्पॅनिश नाण्यांवर जॉर्जच्या मस्तकाचा लहानसा अंडाकृती शिक्का मारून ती चलनात आणावी लागली. बनावट शिक्क्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा १८०४ मध्ये मॅथ्यू बोल्टन यांच्या सोहो टांकसाळीत तीच स्पॅनिश नाणी वाफेच्या यंत्रावर दोन्ही बाजूंनी नव्याने छापण्यात आली. जुना ठसा पुरता दबला नाही, तर स्पेनच्या राजाचे नाव, साल किंवा टांकसाळीचे चिन्ह खाली उरते. एकाच चकतीवर दोन राजे नांदतात, आणि मला या नाण्याची खरी गोडी त्यातच वाटते. मूळ नाणे सुमारे २७ ग्रॅमचे असल्याने आपले वजनही जुळते. ही टांकसाळ हँड्सवर्थला होती, म्हणजे आपल्याच गावात!

जुनीकड

वरील माहिती योग्य आहे, पण केवळ खुणांवर विसंबू नये, कारण अस्सल नाण्यावरून साचा घेतला तर ओतीव नकलेतही त्या उतरतात. कडेवर सांध्याची रेघ किंवा पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे आहेत का, ते आधी पाहावे. स्वच्छ मात्र मुळीच करू नये. मी सुरुवातीला एक शिलिंग चिंचेने घासून लखलखीत केले. त्याची मूळ झळाळी कायमची गेली आणि त्याची हळहळ आजही वाटते.

नवसंग्राहक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कड नितळ आहे, छिद्रे नाहीत. खिडकीच्या उजेडात नाणे तिरके धरले, तेव्हा मस्तकामागे ‘एम’ आणि त्याच्या डोक्यावर इवलासा ‘ओ’ स्पष्ट दिसला. हे मेक्सिकोच्या टांकसाळीचे चिन्ह ना?

रौप्यमुद्रा

होय, मेक्सिकोचेच. आता दुसऱ्या बाजूचा तो अंक वाचा; तो मूळ नाण्याच्या सालातला असावा.