२२व्या आठवड्यात बाळाच्या यकृताखाली सिस्ट दिसली

प्रश्न: काल सोनोग्राफीत १४ मिलिमीटरची सिस्ट (द्रव भरलेली पिशवी) दिसली. रिपोर्टवर ‘कोलेडोकल सिस्ट?’ लिहिलंय, म्हणजे पित्तनलिका फुगून झालेली सिस्ट. रात्रभर त्या प्रश्नचिन्हाकडेच बघत बसले. कुणाला अनुभव आहे का?

– ताई, माझ्या लेकीला हेच होतं. प्रसूतीआधीच बालशल्यचिकित्सकांना भेटा. जन्मानंतर सोनोग्राफी आणि डायरेक्ट बिलिरुबिन (पित्त अडतंय का ते कळणारी रक्ततपासणी) कराच. शीचा रंग उजेडात बघा. आम्ही लंगोट खिडकीशी न्यायचो. खडूसारखी पांढुरकी झाली तर पित्त आतड्यात पोचत नसेल; त्याच दिवशी दवाखाना गाठा. बिलिअरी अट्रेशियातही (पित्तनलिका बंद असण्याचा आजार) अशी सिस्ट दिसू शकते, आणि त्यात ‘कसाई’ शस्त्रक्रिया (जपानी सर्जन कसाई यांच्या नावाची, यकृताला थेट आतडं जोडणारी) जन्मापासून ६० दिवसांच्या आत झालेली बरी. लेकीची सिस्ट चौथ्या महिन्यात काढून पित्तनलिका आतड्याला जोडली. आता शाळेत जाते.

– यकृतातली साधी सिस्टही असू शकते. तिच्यावर बहुधा नुसतं लक्ष ठेवतात.

– शीच्या रंगाचं कुणीच सांगितलं नव्हतं. आईलाही वाचून दाखवते.