जिम मॅके : अष्टपैलू निवेदक की मुळातला वार्ताहर?

धागाकर्ता

क्रीडा निवेदकाची थोरवी एखाद्या खेळातील त्याच्या सखोल ज्ञानावरून ठरवण्याची आपली सवय मला मान्य नाही. अमेरिकेचे जिम मॅके (१९२१–२००८) हे या सवयीविरुद्धचे ठळक उदाहरण आहे. बाल्टिमोरच्या 'ईव्हनिंग सन'मध्ये पोलीस वार्ताहर म्हणून उमेदवारी केलेले मॅके १९४७ मध्ये त्याच शहरातील नव्या दूरचित्रवाणी केंद्रात गेले आणि १९६१ पासून एबीसी वाहिनीवर 'वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स'चे सूत्रसंचालन करू लागले. गोल्फ, घोड्यांच्या शर्यती, फिगर स्केटिंग, इतकेच काय, मेक्सिकोतील अकापुल्कोच्या कड्यावरून समुद्रात मारलेल्या उड्या, या सर्वांविषयी ते सारख्याच आस्थेने बोलत. असा व्यासंग एका खेळापुरता मर्यादित असलेल्या समालोचकाला साधत नाही.

कसोटीप्रेमी

धागाकर्त्यांचा आदर राखून असहमती नोंदवतो. फिगर स्केटिंगच्या वेळी मॅके यांच्या शेजारी १९४८ आणि १९५२ चे ऑलिंपिक विजेते डिक बटन बसत, तर मोटार शर्यतींसाठी तीन वेळा विश्वविजेता ठरलेला जॅकी स्टुअर्ट असे. उडी कुठे चुकली, चालकाने ब्रेक उशिरा का लावला, हे सांगणारे हे दोघे होते. ज्याला आपण अष्टपैलुत्व म्हणता, ते मला सर्व विषयांची तोंडओळख असण्यापलीकडचे वाटत नाही.

धागाकर्ता

तज्ज्ञाला सर्व काही ठाऊक असते आणि नेमके त्यामुळेच प्रेक्षकाला काय ठाऊक नाही याचा त्याला विसर पडतो. प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न योग्य क्षणी विचारून उत्तर संपेपर्यंत गप्प राहणे हीदेखील एक विद्या आहे, आणि ती तोंडओळखीवर येत नाही.

जुना वाचक

आपण दोघेही १९७२ चे म्युनिक ऑलिंपिक विसरत आहात. ५ सप्टेंबर १९७२ रोजी ऑलिंपिक ग्राममध्ये इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षकांना ओलीस धरण्यात आले, तो दिवस मॅके यांच्या सुट्टीचा होता. तरीही एबीसीच्या क्रीडा विभागाचे प्रमुख रून आर्लेज यांनी सूत्रे त्यांच्याच हाती दिली आणि ते तासन्‌तास प्रक्षेपणावर राहिले. रात्री ओलीस सुखरूप असल्याची बातमी जगभर पसरली आणि ती खोटी निघाली. अखेर मॅके यांनी सांगितले की अकरा ओलीस होते, दोघांना खोलीत 'आज सकाळी' – इथे ते थांबले आणि 'काल सकाळी' अशी दुरुस्ती केली – आणि नऊ जणांना विमानतळावर ठार मारण्यात आले. मग एवढेच म्हणाले, "ते सगळे गेले." मध्यरात्र उलटून गेल्याचे भान त्या क्षणीही सुटले नाही, ही पोलीस वार्ताहराची शिस्त आहे. मृतांपैकी अमेरिकेत जन्मलेले खेळाडू डेव्हिड बर्गर यांचे आईवडील ओहायोत दूरचित्रवाणीसमोर बसलेले असतील आणि मुलाचे काय झाले हे त्यांना आपल्याच तोंडून कळेल, याची जाणीव आपल्याला सतत होती, असे मॅके यांनी पुढे सांगितले.

कसोटीप्रेमी

या प्रसंगाने माझेच म्हणणे बळकट होते. तिथे कामी आली ती पत्रकारिता. खेळाचे ज्ञान असो वा नसो, त्या दिवशी फरक पडला नसता. शिवाय ग्रामच्या आतून बातमी देणारे पीटर जेनिंग्ज आणि नियंत्रण कक्षातील आर्लेज यांच्याविना मॅके काय बोलणार होते? श्रेय सर्वांचे आहे.

धागाकर्ता

श्रेय सर्वांचे आहे, हे मान्य. परंतु पत्रकारिता आणि क्रीडा निवेदन यांच्यात आपण भिंत घालता, ती मॅके यांच्या कामात कधीच नव्हती. म्युनिकसाठी त्यांना क्रीडा आणि वृत्त अशा दोन्ही विभागांचे एमी, म्हणजे अमेरिकी दूरचित्रवाणीचे मानाचे पुरस्कार, मिळाले. कड्यावरून उडी मारणाऱ्या अनोळखी तरुणाकडे जो निवेदक माणूस म्हणून पाहतो, त्यालाच ती रात्र पेलता आली. राहिला ज्ञानाच्या खोलीचा प्रश्न: घोड्यांच्या शर्यतींवर त्यांचा जीव होता आणि १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'मेरीलँड मिलियन' या शर्यतींमागे त्यांचाच पुढाकार होता.

कसोटीप्रेमी

मग त्यांचे शर्यतींचे समालोचन इतर खेळांपेक्षा सरस होते की नाही, हे सांगा. सरस असेल, तर सखोल ज्ञानाने फरक पडतो, हे आपल्याला मान्य करावे लागेल.