मापं साठवणारा डिजिटल टेप वर्कशॉपसाठी घ्यावा का?

कपाटवाली:

आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. बहुतेक काम भिंतीतल्या कपाटांचं आणि स्वयंपाकघराचं. मी कटिंग लिस्ट बनवते, म्हणजे साईटवरून आलेली मापं कॉम्प्युटरवर चढवून प्लायच्या कुठल्या शीटमधून कुठला तुकडा काढायचा ते ठरवते. मापं घ्यायला आमचे दोन कारागीर जातात. दोघांचा हात पक्का आहे, त्यांच्या टेपबद्दल माझी काही तक्रार नाही.

अडचण टेपपासून माझ्या टेबलापर्यंतच्या प्रवासात आहे. मापं येतात ती वहीच्या पानाचा फोटो होऊन. एक जण मराठी आकडे लिहितो, दुसरा इंग्रजी. मराठी एक आणि इंग्रजी नऊ फोटोत सारखेच दिसतात, मराठी सात तर इंग्रजी सहा वाटतो. वर पेन्सिल पुसट आणि पानाला घामाचा हात लागलेला. मग रात्री फोन करायचा, ‘सिंकच्या डावीकडचं हे ६१४ की ६९४?’ आणि दिवसभरात तीन साईट केलेल्या माणसाला ते आठवावं अशी अपेक्षाही चुकीचीच.

बटण दाबलं की माप साठवून ब्लूटूथने फोनवर पाठवणारे टेप निघाले आहेत. लेझरच्या किरणाने अंतर मोजणाऱ्या यंत्रांतही तशी सोय आहे. वापरणाऱ्यांनी सांगावं: टेप बरा की लेझर? आकड्यावर किती भरवसा ठेवायचा? आणि आमचा एक कारागीर फूट-इंच-सुतातच (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) विचार करतो, त्याचं काय करायचं?

ओळंबा:

ताई, मी सरकत्या खिडक्यांची आणि काचेच्या पार्टिशनची मापं घेतो. टफन्ड काच एकदा भट्टीतून बाहेर आली की ती कापताही येत नाही आणि कडेने घासून बसवताही येत नाही, त्यामुळे मापाच्या बाबतीत आमच्याकडे सवलत नाही. साठवणारा लेझर आणि साठवणारा टेप दोन्ही वापरतो. जरा सविस्तर लिहितो, कारण दुकानदार यातलं निम्मं सांगत नाहीत.

पहिली गोष्ट, हे उपकरण जास्त अचूक माप मिळेल म्हणून घेऊ नका. पडद्यावर दशांश मिलिमीटर दिसला म्हणून माप तितकं अचूक होत नाही. साध्या स्टीलच्या टेपच्या पात्यावर सुरुवातीलाच रोमन अंकात अचूकतेचा वर्ग छापलेला असतो. युरोपीय मानकाप्रमाणे दुसऱ्या वर्गाच्या टेपला १ मीटरपर्यंत अर्धा मिलिमीटर आणि ५ मीटरला १.३ मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. पहिल्या वर्गाला ५ मीटरला ०.६. हाती धरायच्या चांगल्या लेझर मीटरवर मात्र १.५ किंवा २ मिलिमीटर लिहिलेलं असतं, आणि ते जवळच्या मापालाही लागू असतं. म्हणजे तुमचं ६०० मिलिमीटरचं कपाट मोजायला साधा टेप लेझरपेक्षा सरस आहे. लेझरचं राज्य लांब मापात: भिंतीपासून भिंत, जमिनीपासून छत, जिथे टेप मध्ये झोल खातो किंवा दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. तुमच्या कामात दोन्ही मापं येतात, तेव्हा टेप की लेझर असा प्रश्न नाहीच. दोन्ही लागतील, फक्त दोन्हींचे आकडे एकाच यादीत आले पाहिजेत.

डिजिटल टेप घेताना तो आकडा कसा मोजतो ते विचारा. काहींत पात्याला टेकलेलं एक बारीक चाक असतं आणि त्याचे फेरे मोजले जातात. पात्यावर प्लायचा भुसा, तेल किंवा पाणी बसलं की चाक घसरतं आणि आकडा हळूच कमी येतो. काहींत पात्यावरच्या खुणा सेन्सर वाचतो. तिथे घसरायला काही नाही, पण पातं पुसलेलं हवं. कुठलाही असो, त्याच्या पात्यावर छापील खुणा असायलाच हव्यात. पडद्यावरचा आकडा आणि पात्यावरचा आकडा डोळ्यांनी ताडून पाहता आला नाही तर तो टेप साईटवर नेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. हूक विसरू नका. तो आपल्या जाडीइतका मागेपुढे सरकतो तो मुद्दाम, आत टेकवून आणि बाहेर अडकवून दोन्ही मापं बरोबर यावीत म्हणून. टेप जमिनीवर पडला आणि हूक वाकला की सगळी मापं एकसारखी चुकतात, आणि यंत्र ती चूकही इमानाने साठवतं.

लेझरमध्ये याच जातीची चूक म्हणजे माप कुठून धरलंय ते. यंत्राच्या मागच्या कडेपासून, पुढच्या कडेपासून की स्टँडच्या आट्यापासून, हे बटणाने बदलतं. चुकून पुढची कड निवडली गेली तर प्रत्येक मापात यंत्राच्या लांबीएवढा फरक पडतो, आणि यादी पाहून तो कळत नाही. म्हणून साईटवर पोचलो की मी दरवाजाचा गाळा, म्हणजे चौकटीतली मोकळी जागा, आधी स्टीलच्या टेपने आणि मग यंत्राने मोजतो, आणि दोन्ही आकडे पहिल्या ओळीत ठेवतो. वर्कशॉपमध्ये ती ओळ जुळलेली दिसली तरच पुढचं वाचायचं.

लेझर तिरका धरला तर माप नेहमी जास्तच येतं. ३ मीटरवर ठिपका १० सेंटीमीटर सरकला तर जवळपास १.७ मिलिमीटर वाढतात. बऱ्याच यंत्रांत सतत मोजत राहून सर्वांत कमी आकडा धरून ठेवायची सोय असते. भिंतीवर ठिपका सावकाश वर-खाली, डावी-उजवी फिरवायचा आणि तो सर्वांत कमी आकडा घ्यायचा. तेच सरळ माप. काचेवर ठिपका आरपार जातो, चकचकीत लॅमिनेटवर भलतीकडे परावर्तित होतो. तिथे एक पांढरा पुठ्ठा धरा आणि त्याची जाडी मापात मिळवा.

आता मुख्य मुद्दा. तुमची अडचण अक्षराची आहे आणि ती पहिल्या दिवशी सुटेल. पण तिच्या जागी दुसरी येईल, तिची तयारी आधी करा. यंत्र आकडे साठवतं; तो आकडा कशाचा आहे हे त्याला ठाऊक नसतं. आठ मापं ओळीने घेतली आणि पाचवं मनासारखं आलं नाही म्हणून पुन्हा घेतलं, की यादीत नऊ आकडे होतात आणि पाचव्यानंतरचं सगळं एक घर खाली सरकतं. काही उपकरणं कीबोर्डसारखी जोडली जातात आणि कर्सर असेल त्या घरात आकडा टाइप करतात. तिथे हा धोका सर्वांत जास्त. वहीतला खराब आकडा निदान खराब दिसतो. यादीतला सरकलेला आकडा स्वच्छ आणि खात्रीचा दिसतो, म्हणूनच तो प्लाय कापल्यावर सापडतो.

त्यावर उपाय म्हणजे नावं आधी, मापं नंतर. ऑफिसमधूनच त्या साईटची यादी फोनमध्ये भरून पाठवा: ‘गाळा १ रुंदी वर’, ‘रुंदी मध्ये’, ‘रुंदी खाली’, ‘उंची डावी’, ‘उंची उजवी’, ‘खोली’, ‘कर्ण एक’, ‘कर्ण दोन’. कारागिराने रिकामं घर निवडायचं आणि बटण दाबायचं. पुन्हा माप घेतलं तर ते त्याच घरात, जुन्याच्या जागी. फोटोवर बाण ओढून त्यावर माप बसवणारं ॲप मिळालं तर आणखी उत्तम, कारण फोटोत भिंतही दिसते. गिलावा झालाय की बाकी आहे, टाइल बसायची आहे का, हे आकड्यात कधीच येत नाही, फोटोत येतं.

आणि कर्ण सोडू नका. चार बाजू मिळाल्या म्हणून चौकोन ठरत नाही. ३००० आणि ४००० च्या खोलीत कर्ण ५००० आला तर कोपरा काटकोनात. ५०२० आला तर त्याच चार बाजू ठेवूनही तो कोपरा सुमारे अर्धा अंश उघडलेला आहे, आणि ६०० मिलिमीटर खोल कपाटामागे भिंतीशी ५ मिलिमीटरची फट पडेल. चारही बाजू दशांशापर्यंत साठवल्या तरी ही गोष्ट त्यात येत नाही.

करवतमास्तर:

मी माप घेत नाही, कापतो. ओळंबादादांच्या यादीत एक भर. साईटवरून येणारं माप कच्चंच यावं, जसं आहे तसं. काही जण तुकडा सैल बसावा म्हणून तिथेच मनात ३ मिलिमीटर वजा करून पाठवतात, मग ऑफिसमध्ये पुन्हा वजा होतात आणि शटर, म्हणजे कपाटाचं दार, गाळ्यात डुलतं. वही असताना निदान खाडाखोड पाहून शंका यायची. यंत्रातून आलेल्या आकड्याबद्दल ती येत नाही. वजाबाकी एकाच जागी व्हावी, कटिंग लिस्ट बनवणाऱ्याकडे, आणि यादीत तिचा रकाना वेगळा दिसावा.

सुतांबद्दल: यंत्राला फूट-इंच दाखवायला सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ते इंचाच्या सोळाव्या किंवा बत्तिसाव्या भागापर्यंत जवळचा आकडा धरतं. सोळावा भाग म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर. एक सूत म्हणजे आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या जरासा आत. तोच आकडा मिलिमीटरमध्ये आणून परत इंचात नेला की प्रत्येक फेरीला थोडं थोडं गळतं. पडदा त्याला हवा तर इंचात दाखवू द्या, पण फोनकडे जाणारी फाईल मिलिमीटरमध्येच असावी. दोन्हीची सोय आहे का, ते घेण्याआधी दुकानातच तपासा.

जुनी_पट्टी:

एक वेगळं मत मांडतो. १८६८ साली अमेरिकेत अल्विन फेलोज यांनी हव्या त्या मापावर अडकून राहणाऱ्या स्प्रिंगच्या टेपचं पेटंट घेतलं. तेव्हापासून आजपर्यंत आकडा वाचणारा आणि लिहिणारा माणूसच होता. हे नवं उपकरण वाचणं आणि लिहिणं दोन्ही त्याच्याकडून काढून घेतं. लिहिणं गेलं याचं मला वाईट नाही. वाचणं जाऊ नये असं मनापासून वाटतं, कारण वाचतानाच हात थबकतो: अरे, वर १२१० आणि खाली ११९४ कसं? भिंतीला पोट आलंय का? नुसतं बटण दाबणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही.

म्हणून आमच्याकडे नियम आहे, बटण दाबण्याआधी आकडा मोठ्याने म्हणायचा. दोघे गेले असतील तर दुसऱ्याने तो परत म्हणायचा. काही टेपवर आवाज नोंदवायची सोयही असते. ‘बाथरूमकडची भिंत, वरून पोट आलंय’ एवढं बोलून ठेवलं तरी ऑफिसमधल्या माणसाला खूप कळतं.

उन्हाचंही लक्षात ठेवा. टेप २० अंश तापमानाला बरोबर असतो. गच्चीवर पातं ४० अंशांपर्यंत तापलं तर १० मीटरला दोन मिलिमीटरहून जास्त लांबतं आणि माप तेवढं कमी येतं. कपाटाला याचा त्रास नाही, गच्चीवरच्या लांब शेडला होतो. लेझरचा ठिपका तर भर उन्हात दिसतही नाही.

कपाटवाली:

सगळ्यांचे खूप आभार. करवतमास्तर, वजाबाकीचं अगदी बरोबर ओळखलंत. आमच्याकडे नक्की कोण वजा करतं हे आज दोघांना विचारलं तर दोन उत्तरं मिळाली. उद्यापासून ती फक्त माझ्याकडे.

नावांची यादी मी आत्ताच बनवायला घेतली आहे. उपकरण येईपर्यंत तीच यादी कागदावर छापून देणार, म्हणजे रिकाम्या घरात आकडा भरायची सवय आधी लागेल. दोघांनीही आकडे एकाच लिपीत लिहायचे, हेही ठरलं.

ओळंबादादा, एक शंका राहिली. भिंतीला पोट असेल तर वर, मध्ये, खाली तीन मापं पुरतात का? आमची कपाटं छतापर्यंत जातात.

ओळंबा:

छतापर्यंत असेल तर पुरत नाहीत, ताई. तीन रुंद्यांमधला सर्वांत कमी आकडा कपाट आत जाईल की नाही एवढंच सांगतो. दोन्ही बाजूच्या भिंती एकाच दिशेला कलल्या असतील तर तिन्ही रुंद्या सारख्या येतील आणि तरी सरळ उभं कपाट बसणार नाही.

दोन्ही बाजूंना ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) सोडा, किंवा उभी लेझर रेघ मारा, आणि त्या रेघेपासून भिंत किती लांब ते वरपासून खालपर्यंत साधारण दर ५०० मिलिमीटरवर मोजा. मापं लहान असतात, तेव्हा इथे स्टीलची पट्टीच वापरा, लेझर मीटर नको. यादीत ‘डावी रेघ १’पासून पुढे घरं करून ठेवा. दोन रेघांमधलं अंतर एकदाच घ्या, जमिनीजवळ, आणि दोन्ही रेघा जिथे धरल्यात तिथे जमिनीवर पेन्सिलने खूण करून त्याचा फोटो काढा. कपाट बसवायला जाणारा माणूस वेगळा असेल तर त्याला तीच खूण लागेल.