विंडोज ११ वर रजिस्ट्री ट्वीक्सनी खरंच वेग वाढतो का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एका पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवतात तिथे) मी कास्टिंगची थ्रीडी ड्रॉइंग करतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ऑफिसचे पीसी विंडोज ११ वर नेले. मशीन ८ जीबी रॅमची, दोन अजून हार्ड डिस्कवर. मोठी असेंब्ली (अनेक सुटे भाग जोडलेलं ड्रॉइंग) उघडली की सगळंच अडखळतं.

मालकांच्या ओळखीतल्या एकाने रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात ती बदलणारी, एक फाइल पाठवली आहे. डबल क्लिक करा, पीसी पळायला लागेल म्हणे. मी ती आधी नोटपॅडमध्ये उघडली.

त्यात 'मेनू शो डिले' ४०० वरून ० केलंय. म्हणजे सबमेनू उघडण्याआधीची ४०० मिलिसेकंदांची थांब गेली, पण असेंब्लीला त्याचा काय उपयोग? 'सेकंड लेव्हल डेटा कॅश'सुद्धा आहे, म्हणजे प्रोसेसरच्या छोट्या वेगवान मेमरीचा आकार. ही माहिती विंडोज आता प्रोसेसरकडूनच घेतं, ती नोंद फार जुन्या प्रोसेसरांसाठी होती. 'डिसेबल पेजिंग एक्झिक्युटिव्ह' १ केल्यावर कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हरचा कोड रॅममध्येच राहतो. आमच्याकडे तर रॅमचीच टंचाई! आणि 'एनेबल प्रीफेचर' (सॉफ्टवेअर लवकर उघडावं म्हणून लागणारा डेटा आधीच वाचून ठेवणारी सोय) ० केलंय, याची मला खरी भीती वाटते. हार्ड डिस्कवाल्या मशीनवर सॉफ्टवेअर उघडायला उलट जास्त वेळ लागेल ना?

एका नोंदीबद्दल मात्र माझं मत ठरत नाहीये, 'नेटवर्क थ्रॉटलिंग इंडेक्स'. आमच्या फाइली सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरवर असतात. माझ्या समजुतीप्रमाणे ऑडिओ-व्हिडिओ चालू असतानाच विंडोज बाकीचं नेटवर्क आवरतं, एरवी नाही. ऑफिसात दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या पीसीवर गाणी चालू असतात. तर ही मर्यादा काढून फाइल उघडण्यात कुणाला मोजण्याइतका फरक दिसलाय का?

दुसरं, नव्याने इन्स्टॉल केल्यावर 'मेमरी इंटिग्रिटी' चालू झालेलं दिसतंय. ते बंद केलं की वेग वाढतो असं बरेच जण सांगतात. पण ती सुरक्षेची गोष्ट आहे आणि पार्ट्यांची ड्रॉइंग आमच्याकडे विश्वासाने येतात, त्यामुळे मी त्याला हात लावणार नाही. रजिस्ट्री क्लीनरही सुचवू नका, मायक्रोसॉफ्टचाच त्याला पाठिंबा नाही.

असेंब्ली उघडताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी जवळपास भरलेली आणि डिस्क १०० टक्क्यांवर दिसते. मला तरी यावर रॅम आणि एसएसडी हाच उपाय वाटतो. पण मालकांना आकडे दाखवल्याशिवाय पटणार नाही. ट्वीकच्या आधी आणि नंतर नेमकं काय, कशाने मोजावं? कुणी असं मोजलं असेल तर कृपया पद्धत सविस्तर लिहा. ती फाइल सगळ्या मशीनवर चालवायच्या आत मला त्यांच्याशी बोलायचं आहे.