अनुभव धागा : सोमवार ते शनिवारची श्रद्धा

नाताळ जवळ आला की आम्हा ख्रिस्ती लोकांकडे केकची आणि कॅरोलची चौकशी होते, उत्तम शुक्रवारी उपवासाची होते, आणि वर्षाचे उरलेले दिवस आमची श्रद्धा कपाटात घडी घालून ठेवलेली असते असा अनेकांचा समज दिसतो. हा समज काही अंशी आम्हीच करून दिला आहे. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले, 'ज्ञानोदय' हे मिशनचे नियतकालिक १८४२ मध्ये निघू लागले, आणि तेव्हापासून आमच्यात लिहिणाऱ्यांची उणीव कधी भासली नाही. तरीही धर्मांतराच्या कथा आणि धर्मातले वाद जितके लिहिले गेले, तितके दुकानातल्या हिशेबाबद्दल, भावकीतल्या भांडणाबद्दल, नोकरीतल्या अडचणीबद्दल लिहिले गेले नाही. म्हणून रोजच्या व्यवहारात श्रद्धा कुठे आडवी आली किंवा उपयोगी पडली ते लिहा, असे आवाहन या धाग्यावर केले आणि त्यासोबत तीन अटी घातल्या : चमत्काराच्या साक्षी नकोत, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट असा वाद नको, आणि ज्यात आपण स्वतः उजळून निघतो असा प्रसंग शक्यतो नको.

सुरुवात माझ्यापासून करते. मी अहिल्यानगरला एकतीस वर्षे शिक्षिका होते. जेवणाआधी उपकारस्तुती करायची हे घरात इतके अंगवळणी पडलेले होते की प्रार्थना केल्याशिवाय घास घशाखाली उतरत नसे. मात्र शिक्षकांच्या खोलीत चौदा जणांसमोर डोळे मिटायचे धाडस मला होत नव्हते. मी कपाळाला हात लावून, डोके दुखत असल्यासारखे करून, तेवढ्यात प्रार्थना उरकून घेत असे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी माझ्यापुढे अमृतांजनाची बाटली ठेवली! मी ती घेतली आणि कपाळाला लावलीसुद्धा. खरे सांगायला मला आणखी एक आठवडा लागला. त्यानंतर त्या बाई निवृत्त होईपर्यंत, मी डोळे उघडल्याशिवाय त्यांनी आपल्या डब्याचे झाकण कधी काढले नाही. त्या प्रत्येक चतुर्थीला उपवास करत. त्या दिवशी त्यांच्यासमोर डबा खाताना आपण काय करावे, हे मात्र मला कधी सुचले नाही.

मिरजेत शिकलेल्या परिचारिका, सध्या पुणे

डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयाच्या परंपरेत मी शिकले. कामाच्या आधी प्रार्थना करायची सवय तिथलीच. गेली अनेक वर्षे मी एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आहे आणि तिथे माझी प्रार्थना हात धुताना होते, कारण तेवढा एकच मिनिट कोणी हाक मारत नाही.

एका रात्री पंढरीची वारी करणारे एक आजोबा दाखल झाले. तपासणीसाठी न्यायचे म्हणून त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ काढावी लागणार होती. शुद्ध जेमतेम होती, तरी त्यांनी ती मुठीत घट्ट धरली होती. नातेवाइकांना त्या वेळी आत येता येत नव्हते. मी त्यांना म्हटले, "बाबा, माळ माझ्याकडे द्या, परत तुमच्या गळ्यात मीच घालेन." त्यांनी मूठ सोडली. नमुने ठेवायच्या प्लास्टिकच्या पिशवीत माळ घालून, वर त्यांचे नाव आणि खाट क्रमांक लिहून, ती मी माझ्या गणवेशाच्या खिशात ठेवली. ते परत आले तेव्हा माझी पाळी संपून चाळीस मिनिटे झाली होती. ती माळ दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवून मला घरी जाता आले असते, पण शब्द मी दिला होता.

यात ख्रिस्ती असे काय, असे माझ्या धाकट्या भावाने विचारले. त्याला वाटले, मी त्या क्षणी आजोबांना येशूबद्दल सांगायला हवे होते. आमच्या विभागातही एक ज्येष्ठ सहकारी अत्यवस्थ रुग्णाच्या उशाशी मोठ्याने प्रार्थना करत, आणि मला ते कधीही पटले नाही. ज्याला उठून निघून जाता येत नाही त्याला काही ऐकवू नये, असे माझे मत आहे. भावाशी या विषयावर अजून एकमत झालेले नाही.

वसईचे एक बागायतदार

आमची केळीची आणि भाजीची वाडी आहे. वडील गेल्यावर धाकट्या भावाशी बांधावरून बिनसले. अंतर विचाराल तर दीड हात. मोजणी आणली, पुन्हा मोजणी आणली, आणि चार वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. या चार वर्षांत आम्ही दोघेही दर रविवारी एकाच चर्चमध्ये, एकाच मिस्साला (कॅथलिक उपासनेला), बहुधा तीन ओळींच्या अंतरावर बसत होतो. मिस्सामध्ये शांतीची खूण म्हणून शेजाऱ्याला हात जोडतात तेव्हा मी डावीकडे आणि पुढे वळत असे. तो उजवीकडे असायचा.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळावर जी राख लावतात ती आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, घरी नेलेल्या पानांची असते. त्या वर्षी आमच्या घरची पाने चर्चमध्ये परत द्यायला मी गेलो, तर टोपलीत भाऊ आपल्या घरची पाने टाकत होता. दोघांची पाने एकाच टोपलीत पडली. तरीही मी बोललो नाही, हे आवर्जून लिहितो, कारण अशा प्रसंगी माणसाचे मन एकदम पालटते असे ऐकत आलो आहे आणि माझे तसे काही झाले नाही.

उपवासकाळात पापनिवेदनाला गेलो. भावाचे प्रकरण सांगितले, मोजणीच्या आकड्यांसकट सांगितले. फादर वयस्कर होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि प्रायश्चित्त म्हणून जपमाळ सांगितली नाही. "भावाच्या दारी जा आणि चहा मागून घे. आपल्या घरी बोलावू नकोस, त्याच्याकडे जाऊन माग," असे ते म्हणाले. पन्नास जपमाळा मला परवडल्या असत्या. अकरा दिवस मी टाळाटाळ केली. बाराव्या दिवशी गेलो, तेव्हा भावजय अंगणात होती. मी म्हटले, "चहा मिळेल का?" तिने मला नीट पाहून घेतले आणि घरात जाऊन भावाला उठवले.

वाद मिटलेला नाही. कागद अजून कार्यालयात आहेत आणि दीड हाताबद्दल माझेच म्हणणे बरोबर आहे असे मला आजही वाटते. फरक एवढाच झाला की पंपाच्या पाण्याची पाळी आता आम्ही गड्यामार्फत न कळवता एकमेकांना सांगतो, आणि मे महिन्यात गावच्या क्रूसापाशी संध्याकाळची प्रार्थना असते तेव्हा त्याच्या घरची पाळी आली की फुले आमच्या वाडीतून जातात.

नाशिकचे एक वीजकाम कंत्राटदार

माझी आई दर महिन्याच्या पगारातून दशांश, म्हणजे देवासाठीचा दहावा हिस्सा, आधी बाजूला काढत असे आणि खोटे बोलून मिळवलेला पैसा देवाच्या थैलीत टाकू नये असे बजावत असे. या शिकवणीचा मला अभिमान होता. एका गृहनिर्माण संस्थेच्या कामाचे बिल एक लाख चाळीस हजारांचे झाले, पदाधिकाऱ्याने ते एक लाख ऐंशीचे करायला सांगितले, मी नकार दिला आणि त्या संस्थेचे पुढचे काम हातचे गेले. ही हकिकत मी आमच्या चर्चच्या मंडळीत निदान चार जणांना सांगितली असेन.

त्याच महिन्यात एका रविवारी उपासनेहून बायबल काखेत घेऊन घरी आलो, तर माझ्याकडे काम करणाऱ्या मुलाची बायको दारात उभी होती. शनिवारी द्यायची मजुरी मी सोमवारवर ढकलली होती, कारण बँकेतून पैसे काढायचे राहून गेले होते. माझ्या लेखी तो एक दिवस होता, तिच्या घरी मात्र गॅस संपला होता. मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये, हे मोशेच्या नियमशास्त्रात स्पष्ट लिहिलेले आहे आणि त्या पुस्तकाचा चामडी पुठ्ठा माझ्या काखेत घामाने ओला झाला होता. तेव्हापासून मजुरीची पाकिटे मी शुक्रवारी रात्री भरतो, दशांशाचे पाकीट त्यानंतर. आईने क्रम उलटा शिकवला होता. तिला हे सांगायला ती आता नाही.

जालन्याचे एक बँक कर्मचारी

अट वाचून लिहायचे ठरवले, कारण माझ्या प्रसंगात उजळून निघण्यासारखे फारसे काही नाही. माझे पणजोबा मांग समाजातले. मिशनच्या शाळेमुळे घरात अक्षर आले आणि त्याच पिढीत बाप्तिस्मा झाला. पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत, महाराष्ट्रात आमची गणना इतर मागासवर्गात होते. त्यामुळे आमच्या नात्यात अनेकांची दोन नावे आहेत, एक बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आणि एक शाळेच्या दाखल्यावर. वडिलांनी तसे केले नाही. त्यांनी आमच्या दाखल्यांवर 'ख्रिश्चन' लिहिले आणि त्याची किंमत मोठ्या भावाने मोजली. दोन गुणांनी त्याची जागा हुकली, तेव्हा मी वडिलांशी महिनाभर नीट बोललो नव्हतो.

मुलीच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशाच्या वेळी एका मध्यस्थाने पणजोबांच्या जातीवरून प्रमाणपत्र काढून देण्याची तयारी दाखवली. दोन रात्री तो अर्ज घेऊन मी बसलो. वस्ती तीच, नातेवाईक तेच, गावातल्या लोकांच्या नजरेत आम्ही तेच. मग कागदावर तेच लिहिले तर खोटे कुठे, हा युक्तिवाद आजही मला निरुत्तर करतो. शेवटी मी 'ख्रिश्चन' लिहिले. फार धैर्य होते म्हणून नव्हे. मुलगी शेजारी बसून काय लिहितो ते पाहत होती. ज्यांनी वेगळे लिहिले त्यांना मी दोष देत नाही, आणि त्यांच्याविषयी व्यासपीठावरून बोलणाऱ्यांनी आधी स्वतःच्या मुलांच्या फिया सांगाव्यात असे मला वाटते.

खरी कबुली पुढची आहे. बहिणीचे लग्न ठरत होते. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणाचा विधी) घेणारा, आणि त्याच्या काकांना मी एकांतात विचारले, "तुम्ही मूळचे कोण?" ज्या प्रश्नाने आमच्या पणजोबांना पाणवठ्यावरून हाकलले, तोच प्रश्न मी चर्चच्या आवारात, घंटेखाली उभा राहून विचारला. काकांनी उत्तर दिले आणि उलट तोच प्रश्न मला केला. लग्न झाले, संसार चांगला चालला आहे. परंतु दर प्रभुभोजनाच्या रविवारी, 'प्रत्येकाने आत्मपरीक्षण करावे' असे पाळक म्हणतात तेव्हा मला ती घंटा आठवते.

(धागा सुरू करणारीची टीप : हा अनुभव मी तीनदा वाचला. यावर चर्चा होईल आणि व्हायला हवी. ती त्यांच्या दाखल्याबद्दल न होता आपल्या सोयरिकींबद्दल व्हावी, इतकीच विनंती.)

हिंजवडीतल्या एक संगणक अभियंत्या

माझे थोडक्यात आहे. रविवारी रात्रपाळीनंतर झोप लागते आणि आठ महिने मी उपासनेला गेलेले नाही. भाड्याचे घर शोधताना आडनाव ऐकून दोन ठिकाणी "मांसाहार चालणार नाही" असे सांगितले गेले, आणि तिसऱ्या ठिकाणी मी आडनाव पुटपुटत सांगितले. त्याची लाज घर न मिळाल्यापेक्षा जास्त वाटली. आता पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगते. माझ्या श्रद्धेचा सध्याचा हिशेब एवढाच आहे.

दुबईत नोकरी करणारे एक गृहस्थ, मूळचे श्रीरामपूर तालुक्यातले

येथे शुक्रवारची सुट्टी असल्यामुळे अनेक वर्षे आमचा 'रविवार' शुक्रवारी येत असे. २०२२ पासून शनिवार आणि रविवार सुट्टी झाली, तरी माझी पाळी बहुधा रविवारीच लागते. आमच्या खोलीत सहा माणसे आहेत : दोन केरळचे, एक नेपाळी, एक पेशावरचा, एक बिहारचा आणि मी. सप्टेंबरमध्ये हरेगावला मतमाउलीची (मारिया मातेची) यात्रा भरते, तेव्हा घरचे लोक फोनवरून गर्दी दाखवतात आणि मी खाटेवर बसून मेणबत्ती लावतो. एका वर्षी पेशावरचा गडी उठला आणि त्याने पंखा बंद केला. सप्टेंबरमधला येथील उकाडा ज्यांना माहीत आहे, त्यांना त्याने काय केले ते कळेल.

सोलापूरच्या एक गृहिणी

मला लिहायची सवय नाही, मुलीकडून लिहवून घेत आहे. दोन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. पाच महिने दवाखाना झाला आणि त्या पाच महिन्यांत मी जितकी प्रार्थना केली तितकी आयुष्यात केली नव्हती. ते गेल्यावर लोक म्हणाले, प्रभूची इच्छा. मी कोणाला काही बोलले नाही, पण प्रार्थना बंद केली. रात्री बायबल उशाशी असे, मी ते उघडत नसे.

मंडळीतल्या चार बायका दर गुरुवारी दुपारी येऊ लागल्या. पहिल्या दिवशी मला वाटले, वचन वाचतील, उपदेश करतील, आणि मी मनातून दार लावून घेतले. त्यांनी मेथीची जुडी सोडली आणि वर्तमानपत्र पसरून निवडायला बसल्या. कोणाच्या सुनेचे, कोणाच्या गुडघ्याचे बोलणे झाले. काड्या एकीकडे, पाने एकीकडे. जाताना निवडलेली भाजी माझ्या फडक्यात बांधून ठेवली आणि सगळ्यांनी उभ्याने प्रभूची प्रार्थना म्हटली. असे जवळजवळ वर्षभर चालले. कधी मेथी, कधी शेंगा, एकदा नुसते तांदूळ.

आता मीही त्यांच्याबरोबर म्हणते. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ आली की मात्र माझा आवाज निघत नाही. त्यांच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईंच्या हे लक्षात आले आहे. त्या ओळीला त्या माझ्याकडे पाहत नाहीत आणि आवाज थोडा चढवतात. ती ओळ त्या चौघी म्हणतात, मी गप्प उभी राहते, आणि 'आमची रोजची भाकर' पासून पुन्हा त्यांच्यात मिसळते.