मदत हवी आहे: सभापर्वातले नारदाचे प्रश्न मराठीत कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, आमच्या नागपूरच्या धरमपेठ वाचन गटात सध्या महाभारतातलं सभापर्व सुरू आहे, त्यात नारद युधिष्ठिराला राज्यकारभाराबद्दल एकामागून एक प्रश्न विचारतो तो अध्याय वाचून मी थक्कच झालो, राज्यातले मोठे तलाव भरलेले आहेत ना, शेती नुसती पावसाच्या भरवशावर तर नाही ना, शेतकऱ्याला शेकडा एक व्याजाने कर्ज मिळतं ना... विदर्भातल्या माणसाला हे वाचून काय वाटेल सांगा! शांतिपर्वातल्या भीष्मांच्या राजधर्मावर खूप बोलतात, याच्यावर फार कमी. तर मला मूळ श्लोकांसकट मराठी अर्थ पाहिजे, पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीप्रमाणे (अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ) असेल तर बेस्टच. सीताबर्डीला एखाद्या दुकानात किंवा कुठल्या लायब्ररीत मिळेल का? कोणाकडे असेल तर झेरॉक्स काढून लगेच परत आणून देतो जी.